एक कार्ड एसटीने

शालीकराम बिसेन यांचा गोंदियाजवळच्या गोरेगावात फोटो स्टुडिओ. नव्या कॅमेऱ्यात दोन मेमरी कार्डं बसतात, म्हणून ते गोंदियाला कार्डं घ्यायला गेले. दुकानदाराने एकाच कंपनीची दोन काढून ठेवली.

"दोन्ही एका कंपनीचे नको देऊ गा."

"काऊन जी? चांगला माल आहे."

"संगच आले तं संगच बिघडतेत. दुसरा येगळ्या कंपनीचा दे."

प्रत्येक फोटो दोन्ही कार्डांवर उतरायचा. लग्न आटोपलं की एक कार्ड थोरला मुलगा दुर्गेश मोटरसायकलने आणायचा, दुसरं धाकटा भुवनेश्वर एसटीने. दोन्ही कार्डं एका गाडीत आणायची नाहीत, हा शालीकरामांचा नियम. "लोकाइच्या पोरीचं लगन दुसऱ्यांदा नाही लागत," ते म्हणायचे. पोरं हसायची, पण ऐकायची.

सालेकसा गावातल्या एका लग्नानंतर एसटी आलीच नाही. दुर्गेशचा फोन आला.

"बाबा, आम्ही दोघंही गाडीवर संगच येऊन राहिलो."

शालीकराम म्हणाले, "बरं. पण कार्डं येगयेगळ्या खिशात ठेवजा."

वाटेत ट्रकने धडक दिली. दोघेही जागेवरच गेले.

तेरवी झाल्यावर पोलिसांनी दोन्ही कार्डं आणून दिली. शालीकरामांनी ती एकेक करून कॉम्प्युटरला लावली आणि सगळे फोटो शेवटपर्यंत पाहिले.



दोन्ही कार्डं चांगली होती.