आपलं-परकं

"जंतू केव्हाच गेलेत," डॉक्टरबाई म्हणाल्या, "तरी फुप्फुसं बिघडतच चाललीयत. रक्तात अँटिबॉडी असतात, शरीराचे पहारेकरी म्हणा. तपासणीवरून दिसतंय की त्यांना आपलं-परकं कळेनासं झालंय. फुप्फुसांवरच तुटून पडतायत बहुतेक."

खाटेवरच्या फाटकवाल्यांनी मास्कआडून डोळे वटारले. कारखान्याच्या फाटकावर त्यांनी उभा जन्म काढला होता. पहारेकऱ्यांची निंदा त्यांना खपत नसे.

बायकोला मात्र हसू फुटलं. "म्हणजे ह्यांच्यावरच गेल्यात की! नवी नवरी मी, डबा घेऊन गेले तर मलाच अडवलं. पास दाखव म्हणे!"

"नियम... म्हणजे... नियम," फाटकवाले धापा टाकत म्हणाले.

डॉक्टरबाईंना हसायला वेळ नव्हता. औषध आजच सुरू करायला हवं होतं. त्याने हे पहारेकरी झोपतील, फुप्फुसांना उसंत मिळेल. पण ते झोपले की साधी सर्दीसुद्धा जिवावर बेतेल, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

फाटकवाल्यांनी नकाराचा हात हलवला. "पहाऱ्यावर... झोपायचं? मी... कधी..." पुढचं खोकल्यात गेलं. ओठ निळसर पडले.

बायकोचं हसू मावळलं. या माणसाच्या हट्टापायी तिने आजवर कपाळाला हात लावला होता, ती भांडली होती, हसलीही होती. आज पहिल्यांदाच तिला त्या हट्टाची भीती वाटली. हा माणूस आपल्या हट्टानेच जाईल.

ती खाटेच्या कडेला टेकली. "अहो, पाळी संपली की फाटकाच्या किल्ल्या दुसऱ्याच्या हाती देत होतात ना? का त्यापण घरी घेऊन यायचात?"

"पुढच्या... पाळीला... कोण?"

"मी आहे की."

त्यांनी सुई लावलेला हात डॉक्टरबाईंपुढे सरकवला. औषध सुरू झालं आणि त्यांचा डोळा लागला.

दुपारी मुलगी आली. लांबचा प्रवास करून, नाक पुसत, बाबांना बघायला नुसती आतुर झालेली. आईने दारातच हात आडवा धरला.

"सर्दी झालीय तुला. काचेतून बघ."

"आई, अगं मी आहे!"

"ओळखलं गं बाळा," आई म्हणाली. दारातला हात तिने खाली घेतला नाही.