चिंधाचे अठरा

"भाऊ, हाई पयस," वच्छलाबाईंनी आठ दिवसांपूर्वी नेलेला टायमर काउंटरवर ठेवला.

जळगावात फोटोचं सामान विकता विकता रुपचंदचे केस पिकले होते, पण टायमर पळतो अशी तक्रार आणणारं हे पहिलंच गिऱ्हाईक. डार्करूममध्ये फोटो मोठा करायच्या यंत्राचा दिवा ठरल्या सेकंदाला आपोआप विझवायचा, एवढंच त्या डबीचं काम. त्यात पळायचं काय? पण बाई एरंडोलच्या चिंधा फोटोवाल्याच्या पत्नी. रणरणत्या उन्हात एसटीने आलेल्या, आणि चिंधाला जाऊन दोन महिनेही झाले नव्हते. रुपचंदने आधी पाणी दिलं.

पाणी पिऊन त्यांनी पिशवीतून दोन फोटो काढले. दोन्ही चिंधाचेच. चेहरा इतका फिका, की भिंतीवर टांगला तर भिंतच दिसावी. मग निगेटिव्हचं पाकीट पुढे सरकवलं. त्यावर चिंधाचं अक्षर होतं: 'मी. बारा इंच. अठरा.'

"माघमा तेस्नी नमुना काढी दखा न् लिखी ठेवं. म्हणे, लागी तव्हय काढजो." बाई थांबल्या. अक्षय्य तृतीया तोंडावर आली होती. "अखाजीले तेस्नी घागर भरनी शे. समोर फोटो पाहिजे."

"मग वहिनी, टायमर पंचवीसवर लावा. गडद येईल."

"तेस्नी अठरा लिखेल शे. तेस्नं कधी चुकनं नही. दुसरं दखाडा."

रुपचंदने चावीचा दाखवला, विजेचा दाखवला, अंधारात काटे चमकणारा दाखवला. प्रत्येक टायमर टेबलावरच्या दिव्याला जोडला, अठरावर लावला, मनगटावरचं घड्याळ बाईंसमोर धरलं. दिवा दर वेळी बरोबर अठराव्या सेकंदाला विझला आणि बाईंनी दर वेळी मान हलवली. "हाई बी पयस."

"वहिनी, सेकंद काय जळगावला एक आणि एरंडोलला एक असतो?" तो बोलून गेला आणि त्याचं त्यालाच वाईट वाटलं. चिंधाला टायमर विकायचा त्याने किती वर्षं प्रयत्न केला होता. 'माझं घड्याळ तोंडात आहे,' म्हणत चिंधा हसायचा. लाल दिव्यात तो मोठ्याने आकडे मोजायचा आणि कागद धुवायला वच्छलाबाई शेजारी उभ्या असायच्या. वीस वर्षं.

रुपचंदने शेवटचा टायमर पुन्हा अठरावर लावला. "आता तुम्हीच मोजा. चिंधा मोजायचा तसं."

दिवा लागला. बाईंनी डोळे मिटले. एक, दोन, तीन, चार, पाच सरळ गेले. सहावर आवाज अडकला. खांदे वर चढले, छातीतून बारीक शिट्टी वाजली. रुपचंदला ती शिट्टी ओळखीची होती. दुकानाच्या तीन पायऱ्या चढून आला की चिंधा काउंटर धरून असाच उभा राहायचा.

"सात," बाई म्हणाल्या.

नऊनंतर पुन्हा तसंच. दिवा विझला तेव्हा त्या अकरावर होत्या. विझलेल्या दिव्यासमोर त्या मोजत राहिल्या. अठरा झाले तेव्हा घड्याळात एकतीस सेकंद झाले होते.

"ह्या तेस्ना अठरा, भाऊ," त्या डोळे उघडून म्हणाल्या. "आते सांगा, चूक कोनी शे?"

चूक दम्याची होती, हे रुपचंदला सांगवेना. 'आत एक जुना आहे, बघतो,' असं पुटपुटत तो टायमर घेऊन मागे गेला. तबकडीवर एकतीसच्या जागी कागदाचा तुकडा चिकटवला, त्यावर शाईने '१८' लिहिलं. धंद्यात खोटं बोलणं त्याला कधी जड गेलं नव्हतं, आज गेलं.

"हा घ्या. हा जरा हळू चालतो."

दिवा पुन्हा लागला. बाईंनी या वेळी आवाज काढला नाही, नुसते ओठ हलत होते. सहावर ओठ थांबले. दिवा लागलेलाच राहिला. नऊवर थांबले, तरी लागलेलाच. ओठांवर अठरा आले आणि दिवा विझला.

वच्छलाबाईंनी टायमर जवळ ओढला. त्या चिकटवलेल्या कागदावरून त्यांनी एकदा अंगठा फिरवला.

"हाईच द्या भाऊ," त्या म्हणाल्या. "हाई मधमा दम लेवाले थांबस."