लाल पियानो

मगननं धुळ्यात दुसरं बिऱ्हाड केलं, त्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून प्रमिला जळगावला माहेरी होती. त्या दिवशी तो आपणहून दारात आला आणि म्हणाला, "लहान मुलांचा पियानो घ्यायचाय. चल, तुला त्यातलं समजतं." प्रमिलानं इस्त्रीचं पातळ नेसलं, सोनलला कडेवर घेतलं आणि निघाली. पोर अडीच वर्षांची झाली, तरी बापानं तिला कधी खेळणं आणलं नव्हतं.

दुकानात प्रमिलानं पाच-सहा पियानो पाहिले. कोपरे टोचतात का ते चाचपलं, पट्ट्या निघून तोंडात जातील का म्हणून ओढून बघितल्या. लाल पियानो सोनलनं वाजवला आणि बापाकडे बघून खुदकन हसली. मगनही हसला.

"हाच द्या," प्रमिला म्हणाली.

दुकानदारानं पियानो चकचकीत कागदात बांधून वर फीत गुंडाळली. "ताई, गाठ मारेपर्यंत इथं जरा बोट ठेवा." तिनं ठेवलं. "नाव काय लिहू?"

सोनलचं नाव प्रमिलाच्या ओठांवर आलंच होतं.

"चिरंजीव हर्षल," मगन म्हणाला. "पहिला वाढदिवस आहे." मग प्रमिलाकडे वळून त्यानं आवाज खाली आणला. "तिला अजून लेकरांचं काही कळत नाही गं. पहिलंच आहे ना."

सोनल कडेवरून खोक्याकडे झेपावत होती. दुकानदारानं फीत ओढली. गाठ पक्की बसेपर्यंत प्रमिलानं बोट तसंच दाबून धरलं.