पाठमोरी

नवरदेवाची उष्टी हळद घेऊन विहीण मांडवात शिरली, तसा डीजेवाल्याने आवाज वाढवला. हल्ली हळदीत नवरीपेक्षा डीजेचाच मान मोठा. अमिषाने वळून पाहिलं. मागच्या खुर्चीवर बसवलेली तिची लेक शिवानी नव्हती.

पाच वर्षांची पोर, नावाने हाक मारली तर बघत नाही, आणि कानावर आवाज आदळला की जिथे शांत असेल तिथे निघून जाते. गावात आज शांत जागा एकच होती, मिठागरांपलीकडची खाडी. तिथे भरती सुरू झाली होती.

तिने सासूच्या कानाशी तोंड नेलं. “आई, शिवानी दिसत न्हाय. डीजे बंद करायला सांगा.”

“पावण्यांसमोर तमाशा नको,” कमळ चेहरा हसरा ठेवूनच म्हणाली. “रुचिताची हळद हाय. झाकली मूठ सव्वा लाखाची. बघ, घरातच असंल.”

पनवेलच्या डॉक्टरांनी ऑटिझम सांगितल्यापासून कमळला एकच भय होतं. नवरदेवाकडच्यांना कळलं तर म्हणतील यांच्या घराण्यातच खोट आहे, आणि रुचिताचं लग्न मोडेल. अमिषालाही नणंदेचं वाईट व्हायला नको होतं. म्हणून तीही चारचौघांत सांगत आली होती, पोरगी लाजरी आहे, जरा हट्टी आहे.

शिवानी घरात नव्हती. परसदार सताड उघडं होतं. अमिषा अनवाणीच धावत सुटली आणि तिला धावताना पाहून सगळा मांडव उठला. आमची माणसं लग्नात भांडतील, रुसतील, मटणाच्या वाटीवरून वर्षभर बोलणार नाहीत. पण पोर हरवलं म्हटलं की भरल्या ताटावरून उठतील. सगळे चांगल्या मनाने निघाले आणि चांगल्या मनानेच ओरडू लागले. कुणी मोटारसायकल काढून हॉर्न धरून ठेवला. डीजेवाल्याने तर गाणं चालू ठेवूनच माइक उचलला. “शिवानी बाळा, जिथं असशील तिथून मांडवात ये,” हे त्याचं बोलणं थेट खाडीपर्यंत पोचलं.

अमिषा बांधावर चढली तर शिवानी समोरच होती. बांधाखालच्या चिखलात, घोट्याएवढ्या पाण्यात, दोन्ही कानांवर हात दाबून.

“शिवानी! थांब गं!” मागून बायका ओरडल्या. शिवानी एक पाऊल पुढे गेली. पुन्हा हाक आली, पुन्हा एक पाऊल. पाणी गुडघ्याशी आलं. तिथून थोडं पुढे होड्या जायची खोल वाट होती.

धावत जाऊन धरावं, तर मागे एकदा अशीच धरायला गेल्यावर पोर हात हिसडून पळाली होती. तेव्हा समोर अंगण होतं. अमिषा बायकांकडे वळली.

“ओरडू नका. कोनी हाक मारू नका.”

“हाक न्हाय मारायची तं काय करायचं?” विहीण केसर धापा टाकत बांधावर आली. तिचे हात हळदीने माखलेले होते. “पोर बुडंल ना, बाय.”

तिच्यामागेच कमळ उभी होती. तिने अमिषाकडे नुसतं पाहिलं. त्या बघण्याचा अर्थ अमिषाला पुरता ठाऊक होता.

“मावशी, माझी पोरगी लाजरी न्हाय,” ती केसरला म्हणाली. “तिला ऑटिझम हाय. तुम्ही मायेनं हाक मारता, पन तिला तो आवाज सोसत न्हाय. जितकं ओरडाल तितकी ती आत जाईल. आम्ही तुमच्यापासून लपवलं. आता लपवलं तर पोर जाईल माझी.”

गावातून डीजे अजून धडधडत होता.

केसरने पिवळ्या बोटांनी मोबाइल काढून मांडवात फोन लावला. “डीजे बंद कर,” ती दबक्या आवाजात म्हणाली. “गानं संपायची वाट बघू नको. आत्ता बंद कर.” मग तिने अमिषाला विचारलं, “पुढं काय?”

“सगळ्या खाली बसा. मी पाठ फिरवून बसते. कोनी धरायला येत न्हाय असं वाटलं की ती आपनहून येते. घरात तशीच येते.”

घरात मागे खाडी नसते, हे तिलाही ठाऊक होतं.

ती बांध उतरून पाण्याच्या कडेला, खाडीकडे पाठ करून बसली. आता तिला पोर दिसत नव्हती. बांधावर बसलेल्या बायकांचे चेहरे दिसत होते, आणि त्यांत सासूचा. पोर कुठे आहे, ते आता त्या चेहऱ्यावरूनच ओळखायचं होतं.

डीजे थांबला. कमळचे डोळे अमिषाच्या डोक्यावरून पाण्यावर खिळले होते. भरतीचं पाणी अमिषाच्या मांडीखाली शिरलं. वळायचं नाही, विचारायचं नाही. तेवढ्यात बांधावर कुणाची तरी बांगडी किणकिणली आणि कमळने पदराचा बोळा तोंडात कोंबला. देवाचं नाव घ्यायचंही अमिषाला सुचेना. कमळचे डोळे हळूहळू खाली, जवळ येऊ लागले, पण त्यांत पाणी एवढं होतं की काही समजेना.

मग तिच्या पाठीला ओलं, थंड काहीतरी टेकलं आणि तिथेच राहिलं. शिवानी तोंडातल्या तोंडात गुणगुणत होती.

अमिषाने हात मागे नेला नाही. ती तशीच बसून रडली.

थोड्या वेळाने केसर उठली. “चला विहीणबाय,” ती कमळला कुजबुजत म्हणाली, “नवरी हळदीची वाट बघते.” निघण्याआधी तिने हातातला काचेचा चुडा कोपराकडे वर सारला, एकही बांगडी वाजणार नाही इतका घट्ट. तिचं बघून बाकीच्या बायकांनीही सारला. सगळ्यांत शेवटी कमळने.