शेवट सांगत नाही

स्वस्तात मिळणाऱ्या ई-पुस्तकांची यादी रोज सकाळी वाचकांना ईमेलने पाठवणाऱ्या एका कंपनीत ती नोकरीला होती. प्रत्येक पुस्तकाखाली दोन ओळींची शिफारस लिहायची, दिवसाला चाळीस. एवढी पुस्तकं वाचायला सवड कुणाला आहे? मुखपृष्ठ बघायचं, पहिलं पान चाळायचं आणि खाली ठोकून द्यायचं, ‘शेवट सांगत नाही, तुम्हीच वाचा.’

घरी तिने ‘कॉम्प्युटरचं काम’ एवढंच सांगितलं होतं. कारण बाबा जन्मभर शाळेत भाषा शिकवून निवृत्त झालेले, आणि नेमके त्याच यादीचे नेमाचे गिऱ्हाईक. रोज एक पुस्तक घ्यायचे, अथपासून इतिपर्यंत वाचायचे आणि दुसऱ्या दिवशी नाश्त्याला त्या शिफारशीची पार सालटी काढायचे.

“‘हलकीफुलकी प्रेमकथा’ म्हणे. तिसऱ्या प्रकरणात नायिका मरते. लिहिणाऱ्याने पुस्तक उघडलं तरी होतं का?”

ती मान खाली घालून पावाला लोणी लावत बसायची. आज मात्र तिला राहवलं नाही.

“एवढं खोटं लिहितात, तर त्यांच्याकडून घेता कशाला, बाबा?”

बाबांनी सावकाश चष्मा पुसला.

“पाचवीपासून तू शाळेत लिहिलेल्या प्रत्येक पुस्तक-परिचयाखाली हेच असायचं, ‘शेवट सांगत नाही, तुम्हीच वाचा.’

म्हटलं, आपल्या दोघांपैकी एकाने तरी वाचायला नको का?”