नागू मुकादम कुठे मेला

सोमवारी दुपारी बाराच्या सुमारास खानापूरच्या कोर्टात तुळजाचा पुकारा झाला. साल १९५३. ती पिंजऱ्यात उभी राहिली, शपथ घेतली, आणि मग तिची नजर मागच्या बाकाकडे गेली. तिथे तिच्या गावचा प्रमुख, लखू गावकर, बसला होता. सोबत गावातली चार जाणती माणसं. कारवार जिल्ह्यातल्या सुप्याच्या रानातून एवढी वाट तुडवून ही माणसं काही बाजाराला आली नव्हती. बाकाच्या टोकाला तिचा दीर परशू. तो मान वर करत नव्हता.

तुळजाचा नवरा नागू लाकडाच्या वखारीत मुकादम होता. मालकाच्या आग्रहाने त्याने विमा उतरवला होता. तो मेल्यावर मुंबईच्या विमा कंपनीने हात वर केले. आजार लपवला होता, म्हणे. तुळजाला दोन मुली; त्या पैशांवाचून त्यांना दुसरा आधार नव्हता. तिच्या भावाने खानापुरात वकील दिला. कोर्टात मात्र कंपनीने आजाराचं नावही काढलं नाही. कंपनीचं म्हणणं एवढंच, की हा दावा इथे चालूच शकत नाही. करार मुंबईत झाला, माणूस कारवार जिल्ह्यात आपल्या घरी मेला. खानापूरचा संबंध काय?

संबंध होता. नागू घरी मेलाच नव्हता. बेळगावच्या दवाखान्यातून परत आणताना, लोंढ्याच्या रेल्वे फाटकापाशी, बैलगाडीत त्याचा जीव गेला होता. लोंढा खानापूर तालुक्यात, आणि माणूस मेला त्या जागच्या कोर्टात दावा चालतो. फाटकवाल्या येसूने त्याच्या तोंडात पाणी घातलं होतं; ते गालावरून ओघळलं. तशी साक्ष येसूने सकाळीच दिली होती. आता तुळजाने तेवढंच सांगायचं होतं.

पण तुळजाच्या गावात बाहेर मेलेल्याचं मढं शिवेच्या आत घेत नाहीत. जो आणेल त्याचं घर गावातून उठवतात. त्या दिवशी परशू मुकाट्याने गाडी हाकत राहिला. शिवेवर माणसं उभी होती. तुळजाने नवऱ्याचं डोकं मांडीवर घट्ट धरलं आणि ती त्याच्याशी बोलू लागली. भात कापायला आलंय, म्हणाली. म्हैस व्यालीय, म्हणाली.

"कसं हाय त्याला?" कुणीतरी विचारलं.

"निजल्यात," ती म्हणाली.

गाडी आत गेली. थोड्या वेळाने घरात रडणं उठलं.

कंपनीचा वकील उठला. त्याचा आवाज मऊ होता.

"बाई, नवरा कुठे वारला?"

तुळजाच्या वकिलाने सकाळी भावाच्या ओसरीवर हे उत्तर तिच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं होतं. तो निवांत बसला होता.

"बाई?"

लखू गावकराने पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि तो किंचित पुढे झुकला.

"घरात," तुळजा म्हणाली.

"नीट आठवून सांगा. फाटकवाला तर म्हणतो—"

"फाटकवाल्याला काय ठावं? घरात गेलं. माज्या हातचं पानी पिऊन गेलं."

तिच्या वकिलाने डोळे मिटून घेतले. न्यायाधीशांनी उत्तर लिहून घेतलं. जेवणाच्या सुट्टीआधीच निकाल झाला: दावा या कोर्टाच्या हद्दीत येत नाही. कागद परत. माणूस जिथे मेला तिथे, म्हणजे तुळजाचं गाव ज्याच्या हद्दीत येतं त्या हल्याळच्या कोर्टात दाखल करावेत.

व्हरांड्यात कंपनीच्या वकिलाने तुळजाच्या वकिलाला गाठलं.

"हल्याळात भेटू या. तुमचा फाटकवाला तिथे आमचा साक्षीदार असेल. नागू मुकादम लोंढ्याला मेला, म्हणून सांगायला."

"आणि आज?"

"आज तो घरात मेला. तुमच्या बाईच म्हणाल्या की."

तो हसत पायऱ्या उतरून गेला. तुळजाच्या वकिलाने परत आलेले कागद तिच्या भावाच्या हातात दिले आणि तो निघून गेला.

लखू गावकर बाहेर आला. पागोटं पुन्हा डोक्यावर होतं.

"ब्येस बोललीस, सूनबाय."

"खोटं बोलले, मामा."

"व्हय. आमास्नी ठावं हाय."

"कवापासनं?"

"गाडी शिवेवर आली तवाच कळलं हुतं," लखू म्हणाला. "हात लोंबत हुता त्याचा. माशी बसली तरी हलंना."

"मग आत का सोडलीसा?"

"तू बोलत हुतीस की त्याच्यासंगं. बघितल्यालं सोडून देता येतंय, पोरी. ऐकल्यालं न्हाई. आज तू लोंढा म्हनली असतीस, तर आमाला ऐकावं लागलं असतं."

"माज्या पोरींच्या तोंडचा घास गेला, मामा."

"घर ऱ्हायलं की."

परशू इतका वेळ भिंतीला टेकून उभा होता. तो पुढे आला. "वैनी, चल आता," म्हणाला. ती हलली नाही. शेवटी भावानेच तिला हाताला धरून पायऱ्या उतरवल्या.

संक्रांत झाली. दावा अजून दाखल झालेला नाही. हल्याळच्या एका वकिलाने निरोप धाडला आहे, की घेतो. पण फाटकवाल्याला खोटं पाडायला गावातला एक वजनदार माणूस हवा. आपण नागूला शिवेच्या आत जिवंत पाहिलं होतं, असं त्या माणसाने शपथेवर सांगायला हवं.

परशू लखू गावकराकडे दोनदा जाऊन आला. गावकराने त्याला बसवून घेतलं, गूळपाणी दिलं, भाताचं विचारलं. साक्षीचं अजून हो म्हटलेलं नाही, नाही म्हटलेलं नाही.