दोन कडव्यांच्या मध्ये

संध्याकाळी सात वाजले की भाऊ रंगीत दिव्यांचा कराओके माइक हातात घेत. "यापेक्षा मिक्सर सुरात वाजतो," असं म्हणून अंथरुणाला खिळलेली त्यांची बायको, मंदाकिनी, कानाच्या मशीनचं बटण दाबायची. मशीन बंद, आता हिला काही ऐकू जायचं नाही, म्हणून भाऊ निर्धास्त असत. दोन कडव्यांच्या मध्ये नुसतं म्युझिक वाजायचं, तेव्हा ते माइकवरच मन मोकळं करत. "थकलो रे देवा हिचं करून. सोडव आता."

मंदाकिनी गेल्यावर महिन्याभराने ते मशीन कुणा गरजूला द्यावं म्हणून भाऊ डोंबिवलीतल्या क्लिनिकमध्ये गेले. तिथल्या मुलीने ते कॉम्प्युटरला जोडून पाहिलं.

"आजींना गाण्याची फार आवड होती का हो? रोज सातला बटण दाबून आवाज फुल केलेला दिसतोय."